स्वयंपाकघरात न झालेलं गाणं

माझे भावोजी गायक होते असं सांगितलं की लोक विचारतात, "शास्त्रीय का?" मी म्हणते, "नाही हो, सॉफ्ट रॉक." मग समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. रॉक म्हटलं की लोकांना केस झटकत किंचाळणारी पोरं आठवतात. भावोजींचं तसं काही नव्हतं. गिटारच्या तारा नुसत्या बोटांनी छेडायच्या, ड्रमवाल्याने काठ्यांऐवजी ब्रश घ्यायचे, आणि गाणाऱ्याने असं गायचं, जणू भिंतीपलीकडे कुणी आजारी माणूस झोपलाय. मी एकदा म्हणालेही, "भावोजी, हा तुमचा रॉक इतका सॉफ्ट आहे की चहात बुडवून खाता येईल." ते खो खो हसले. म्हणाले, "मेव्हणीबाई, हे वाक्य मी कुठेतरी वापरणार बघा." कधी वापरलं नाही. त्यांच्या गाण्यांत विनोद औषधालाही नसायचा, तो सगळा घरीच खर्च व्हायचा.

ताईने, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीने, त्यांच्याशी लग्न ठरवलं तेव्हा आमच्या वडिलांनी विचारलं, "मुलगा करतो काय?" ताई म्हणाली, "वाद्यं दुरुस्त करतो आणि गातो." वडील थोडा वेळ विचार करून म्हणाले, "दुरुस्ती ठीक आहे." पुढे खरंच दुरुस्तीनेच घर चालवलं. गाण्याने काय केलं, ते सांगायला बसले आहे.

ती दोघं एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर राहायची. एक खोली आणि एक स्वयंपाकघर. खालून दिवसभर इस्त्रीची वाफ आणि साबणाचा वास वर यायचा. मला त्याच रस्त्यावर चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली आणि माझं लग्न होईपर्यंत मी त्यांच्याकडेच राहिले. रात्री स्वयंपाकघरात माझी गादी पडायची. तेव्हा मी जे सांगते आहे त्यातलं फारच थोडं ऐकीव आहे.

भावोजींची गाणी स्वयंपाकघरात व्हायची. तिथल्या भिंतींना फरशी होती, आवाज चांगला लागतो म्हणायचे. फ्रीजशेजारी एक ठेंगणं स्टूल होतं. वाद्यदुरुस्तीच्या दुकानातून आले की हातपाय धुऊन त्या स्टुलावर गिटार घेऊन बसायचे, आणि ताई ओट्याशी उभी. त्यांची चाल आधी व्हायची, शब्द मागाहून. पण नुसतं 'ला ला ला' त्यांना जमायचं नाही. समोर जे दिसेल, मनात जे घोळत असेल, ते चालीत घालून गायचे. "बटाटे संपले, उद्या आण गं..." "ओला टॉवेल कुणी टाकला खुर्चीवर..." शब्द हे असे, आणि चाल अशी की गळा दाटून यावा. या कामचलाऊ शब्दांना ते लोक डमी म्हणतात. चाल पक्की झाली की डमी काढून खरे शब्द बसवायचे. बटाट्यांच्या जागी चांदणं यायचं.

चाल पक्की झाली की नाही, हे ताई ठरवायची. तिला स्वतःला याचा पत्ता नव्हता. भावोजी तीच ओळ दहा तऱ्हांनी गात राहायचे आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडे बघायचे. ताई चिरत असायची, घासत असायची, मधेच त्यांच्यावर खेकसायची, "अहो, जरा पाय घ्या ना बाजूला!" आणि मग कधीतरी, काम करता करता, ती तीच ओळ गुणगुणायला लागायची. लागली की भावोजी मला डोळा मारायचे. झालं, गाणं पास. ती दोन दिवसांत गुणगुणली नाही, तर ती चाल कायमची केराच्या टोपलीत. मी ही गंमत ताईला सांगितली नाही, कारण सांगितलं असतं तर ती मुद्दाम तोंड मिटून बसली असती. आमची ताई तशीच आहे. वाकडं बोट केल्याशिवाय तूप निघत नाही म्हणतात, हिच्याकडे बोट वाकडं केलं की डबाच बंद.

साथीला दोघं होते. बेस गिटार वाजवणारा लंबू, दाराच्या चौकटीला डोकं आपटणारा, आणि ड्रमवर टपाल. टपाल पोस्टात कामाला होता म्हणून टपाल. वाद्यांच्या दुकानामागे एक खोली होती, तिथे त्यांच्या तालमी चालायच्या. त्या दोघांना गाणं शिकावं लागायचं ते डमीवरच, कारण खरे शब्द यायला कधी कधी महिना उलटायचा. त्यामुळे त्यांच्यात गाण्याचं नाव जे डमीवरून पडायचं ते कायमचं. ज्या गाण्यावर हॉटेलातली जोडपी एकमेकांचे हात धरायची, त्याला हे तिघं 'ओला टॉवेल' म्हणायचे. एकदा मी तालमीच्या वेळी डबा घेऊन गेले, तर टपाल विचारत होता, "मग सुरुवात बटाट्यांनी करायची का?" मला वाटलं, जेवणाचं चाललंय.

फर्निचरच्या एका मोठ्या दुकानावर पहिल्या मजल्यावर हॉटेल होतं, तिथे आठवड्याच्या शेवटी हे तिघं गायचे. ताई आणि मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचो. भावोजी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले की ओळखू यायचे नाहीत. फार मोठा आवाज नव्हता त्यांचा. पण खरा होता. मी काही तज्ज्ञ नाही, चष्मे विकण्यात आयुष्य गेलं, पण तो माणूस गाताना तुमच्याशी बोलतोय असं वाटायचं, आणि हे मी मेव्हणी म्हणून सांगत नाही. मेव्हणी म्हणून सांगायचं तर त्यांचे मोजे नेहमी दोन रंगांचे असत.

मग ताईला दिवस गेले. घरात आनंदीआनंद. ताईने विणायला घेतलं. मऊ पिवळी लोकर आणली आणि बाळाचं टोपडं सुरू केलं. विणकाम काही तिचा प्रांत नव्हता. दर संध्याकाळी विणायची आणि अर्धं उसवायची. भावोजी स्टुलावर बसून गायचे, "एक उलट, एक सुलट, पुन्हा सगळं उसवलं..." ताई सुई उगारायची आणि तीच चाल गुणगुणायची. तेही गाणं पास झालं. त्यांच्यात त्याचं नाव 'उलट-सुलट'. पुढे त्याला कसलेसे समुद्राबिमुद्राचे शब्द आले.

मुलगी झाली. ती घरी आली नाही. दवाखान्यातच दोन दिवस राहिली आणि गेली. ताईची तब्येतही फार बिघडली होती. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे मूल होणार नाही. पोरीचं नावसुद्धा ठेवलं नव्हतं. भावोजींनी काचेतून तिला पाहिलं होतं, बस तेवढंच.

ताई घरी आली त्या दिवशी मी तिच्यासाठी पेज करून ठेवली होती. तिने पेजेला हातही लावला नाही. चप्पल काढली आणि सरळ कपाटाशी गेली. दुपटी, झबली, खुळखुळा, सगळं काढून एका कापडी पिशवीत कोंबलं आणि पिशवी भावोजींच्या हातात दिली. म्हणाली, "हे कुणाला तरी देऊन या. आत्ताच्या आत्ता. आणि या घरात हा विषय पुन्हा काढायचा नाही. तिचं काहीही बोलायचं नाही. माझी शपथ आहे तुम्हाला."

भावोजी पिशवी घेऊन जिना उतरले. तो माणूस शब्दाला पक्का होता, आणि मला आजही याचा संताप येतो. अशा वेळी दिलेली शपथ मोडायची असते. बायको रडून झाल्यावर, चार महिन्यांनी, सहा महिन्यांनी, तिच्याशेजारी बसून मोडायची असते. पण हे पडले सज्जन. त्यांनी त्या विषयावर पुन्हा ब्रसुद्धा काढला नाही.

त्यानंतर स्वयंपाकघरातलं स्टूल रिकामं राहायला लागलं. भावोजी गिटार दुकानातच ठेवून यायचे. ताईने विचारलं नाही. काही महिन्यांनी मला कळलं की नवं गाणं झालंय, तालमी चालू आहेत. ताईलाही माझ्याकडूनच कळलं. हातातलं ताट पुसता पुसता ती थांबली. "कधी केलं?" "दुकानात केलं म्हणे." ती "बरं" म्हणाली आणि तेच ताट पुन्हा पुसायला लागली. लग्नानंतरचं हे पहिलं गाणं, जे तिच्यासमोर झालं नव्हतं.

आणि नेमकं तेच गाजलं. याला म्हणतात नशीब. हॉटेलात एक कॅसेट कंपनीवाला जेवायला आला होता, त्याने ते ऐकलं आणि रेकॉर्ड करून घेतलं. बघता बघता ते गाणं रेडिओवर सकाळ-संध्याकाळ वाजायला लागलं. खालच्या लाँड्रीतसुद्धा. गाण्यात एक माणूस कुणाची तरी वाट बघतो. 'दार उघडंच ठेवलं मी, तू आलीच नाहीस. तुला एकदा हाक मारायची, तीही राहून गेली.' एवढंच होतं त्यात. बाकी सगळं चालीत होतं.

मग रेडिओवर मुलाखत ठरली. भावोजी नवा शर्ट घालून गेले, रेडिओवर शर्ट दिसतो असं त्यांना वाटत असावं. घरी ताई इस्त्री करत होती, मी उशांचे अभ्रे बदलत होते, रेडिओ मोठा लावला होता. मुलाखत घेणारी बाई मधासारखी गोड. इकडचं तिकडचं झालं आणि तिने विचारलं, "आता सगळ्या श्रोत्यांच्या मनातला प्रश्न. या गाण्यातली 'तू' कोण?"

भावोजी काही बोलेनात. रेडिओवर माणूस गप्प बसला की ते फार मोठ्याने ऐकू येतं. ती बाई हसली. "म्हणजे आहे कुणीतरी!"

भावोजी म्हणाले, "होती."

बास. तेवढंच. मी ताईकडे बघितलं. तिने इस्त्री उभी करून ठेवली, बटण बंद केलं, मग रेडिओ बंद केला. भावोजी घरी आले तेव्हा त्यांच्यापुढे ताट वाढलं. ते म्हणाले, "ऐकलीस का मुलाखत?" ताई म्हणाली, "ऐकली. एक सांगते. ते गाणं मला या घरात नको. आणि यापुढेही गाणी बाहेरच करत जा. माझ्या कानांना सहन होत नाही."

भावोजींनी हातातला घास ताटात ठेवला. मग हळूच म्हणाले, "कळलं. चुकलं माझं. नाही म्हणणार ते इथे."

चुकलं माझं! मी तिथेच उभी होते. मला काय वाटलं असेल? चोर कबूल झाला, आणखी काय.

कंपनीवाल्याला ते 'होती' म्हणजे घबाडच मिळालं. त्याने कॅसेटवर निळा कोट घातलेली एक पाठमोरी बाई छापली. ती त्याची स्वतःची चुलत बहीण होती, आणि पाठमोरी का, तर तिला सर्दी होऊन नाक लाल झालं होतं. पण लोकांनी तिलाच खरी धरलं. कुणी म्हणे ती परदेशी गेली, कुणी म्हणे तिच्या घरच्यांनी तिचं लग्न लावून दिलं, कुणी म्हणे ती अजून शेवटच्या रांगेत येऊन बसते. भावोजी यातलं एक अक्षर बोलले नाहीत. होही नाही, नाहीही नाही. कार्यक्रमात गाण्याआधी फक्त म्हणायचे, "हे तिच्यासाठी." ताईकडे एक निळा स्वेटर होता, चांगला नवाकोरा. तो तिने मला देऊन टाकला. म्हणाली, "मला तो रंग शोभत नाही."

मी मात्र गप्प बसणाऱ्यातली नाही. एक दिवस दुपारच्या सुट्टीत तरातरा दुकानात गेले. भावोजी एका गिटारचा तुटलेला गळा सरस लावून शिकंज्यात आवळत होते. मी म्हणाले, "भावोजी, कोण ती? सरळ सांगा. ताईचं आयुष्य फुकट मिळालेलं नाही." त्यांनी हात पुसले. फार दमल्यासारखे दिसत होते. म्हणाले, "तुझ्या ताईला माहीत आहे. तिच्यापासून मी काही लपवलेलं नाही. पण तिला त्यावर बोलायचं नाहीये, आणि मी तिला शब्द दिलाय. तूही तिला काही विचारू नकोस, बाई. तिला फार त्रास होतो."

आता यावर माणसाने काय समजावं? मी समजले, म्हणजे ताईला त्या बाईचं नाव-गावसुद्धा ठाऊक आहे आणि ती बिचारी मूग गिळून बसली आहे. मी शिकंज्याकडे बघून म्हणाले, "तुमच्या जिवाला काही वाटत नाही का?" ते म्हणाले, "रोज वाटतं." मी पाय आपटत परत आले आणि संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकांना चुकीचे नंबर दाखवत राहिले.

पुढची कारकीर्द सांगण्यासारखी नाही. दुसरी कॅसेट आली आणि दुकानांत पडून राहिली. तिसरी आलीच नाही. लोक म्हणाले, जमाना बदलला, आता लोकांना नाचायला लागतं. असेल. पण माझं मत वेगळं आहे. दुसऱ्या कॅसेटमधली सगळी गाणी दुकानामागच्या खोलीत झाली होती, आणि पास करणारं माणूस तिथे नव्हतं. डमी होते, चाली होत्या, पण ओट्याशी पाठ करून उभं राहून नकळत गुणगुणणारं कुणी नव्हतं. कुठली ठेवायची आणि कुठली टाकायची हे त्यांना कळेनासंच झालं. ताईही तेव्हापासून कधी गुणगुणली नाही. कामं करायची ती अगदी मुकाट्याने.

ती दोघं भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडत नसत. ताई त्यांचा डबा भरायची, शर्टाची बटणं लावायची. ते तिच्या गुडघ्यांची औषधं आणायचे, तिच्या माहेरच्या प्रत्येक आजारपणात पुढे असायचे. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काय सुरेख जोडी. ताई फक्त एकदा फुटली, माझ्या घरी, माझ्या धाकट्याचे वाळलेले कपडे घड्या करताना. त्याची बंडी हातात घेऊन म्हणाली, "माझी पोर गेली, आणि त्याच वर्षी ह्यांना दुसरी कुणीतरी आठवत होती गं. माझ्या पोरीसाठी एक अश्रू नाही, आणि तिच्यासाठी सबंध गाणं." मी तिला जवळ घेतलं. भावोजींना मनातल्या मनात हव्या तेवढ्या शिव्या दिल्या.

भावोजींचे केस पांढरे झाले. हॉटेलच्या जागी गाद्यांचं दुकान आलं. ते तिघं मग कुठे वाचनालयाच्या सभागृहात, कुठे कुणाच्या निवृत्तीच्या समारंभात गायचे. दर वेळी शेवटी तेच गाणं. कुणीतरी डोळे पुसत येऊन त्यांचा हात धरायचं. "माझीही अशीच एक होती हो." भावोजी मान डोलवायचे. ताईने त्यांचा एकही कार्यक्रम त्या मुलाखतीनंतर पाहिला नाही, आणि ते तिला एकदाही 'चल' म्हणाले नाहीत.

ते गेले तेही दुकानातच. भर दुपारी, समोर सुट्या तारा पसरलेल्या. मालक म्हणाला, "खुर्चीत मागे टेकले आणि झालं." त्यांना त्रास झाला नाही असं सगळ्यांनी ताईला सांगितलं. ताई रडली नाही. मला तिची भीती वाटत होती.

काही दिवसांनी लंबू आणि टपाल आले. लंबूचा ॲम्प्लिफायर भावोजींकडे असायचा, दुकानात ओल येते म्हणून. तो न्यायचा होता. दोघंही म्हातारे झालेले. लंबू आता इतका वाकला होता की चौकटीला डोकं लागेना. ताईने चहा ठेवला. स्वयंपाकघरातच बसले सगळे. मी ओट्याला टेकून उभी. ते फ्रीजशेजारचं स्टूल मोकळंच होतं, त्यावर कुणी बसलं नाही.

लंबू कपात बघत म्हणाला, "वहिनी, आवाज शेवटपर्यंत होता हो त्याचा. त्या दिवशी वाचनालयात काय गायला! शेवटी टोपडं घेतलं, तर आख्खं सभागृह..."

टपालने त्याला कोपर मारलं.

ताई म्हणाली, "काय घेतलं?"

"काही नाही, वहिनी. ते आपलं नेहमीचं, शेवटचं गाणं."

"तुम्ही दुसरं काहीतरी म्हणालात."

लंबूने टपालकडे बघितलं. टपालने मान खाली घातली. "आमच्यात त्याला तेच म्हणतात," लंबू म्हणाला. "डमीवरून. सवयीने तोंडातून गेलं. त्याने बजावलं होतं, घरी हे नाव काढायचं नाही, तुम्हाला सोसत नाही. माफ करा."

ताईने अगदी शांतपणे विचारलं, "काय शब्द होते डमीचे?"

"जाऊ दे ना, वहिनी."

"सांगा."

लंबूला गाता येत नाही. त्याने ते नुसतं म्हटलं, शाळेत कविता म्हणतात तसं. "टोपडं कुठे ठेवलंस गं, एकदा मला बघू दे. एकदा मला बघू दे गं, मग नाही विचारणार." मग म्हणाला, "मागच्या खोलीत बसून केलं त्याने. आम्ही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा या टपालला ब्रश धरवेनात. आम्ही म्हणालो, हेच शब्द ठेव. तो म्हणाला, नको, तिला शब्द दिलाय मी, पोरीचं काही बोलणार नाही म्हणून. मग त्याने ते दाराबिराचे शब्द घातले. रेडिओवाल्या बाईने विचारलं तेव्हा खोटं बोलवेना आणि खरं सांगता येईना, अशी गत झाली त्याची. त्याला वाटायचं, एवढं गाणं ऐकल्यावर तुम्हाला कळलंच असणार. म्हणायचा, ती कार्यक्रमाला येत नाही, बरोबर आहे, आईला कसं ऐकवेल?"

चहा निवून गेला. मला दुकानातली ती दुपार आठवली, सरस लागलेले हात आणि 'तुझ्या ताईला माहीत आहे'. मला ओरडायचं होतं. कुणावर, ते कळेना. त्या मेलेल्या माणसावर ओरडून उपयोग नव्हता आणि जिवंत असलेलीवर ओरडायची छाती नव्हती.

ताई उठली आणि बाहेरच्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. सर्वांत खालचा खण नेहमी अडकतो, तो तिने ओढून काढला. मी दारापर्यंत गेले. ती जमिनीवर बसली होती. खणात जुन्या चादरी होत्या. त्यांच्याखाली हात घालून तिने एक मऊ कागदाची पुडी काढली आणि मांडीवर उलगडली.

पिवळं टोपडं. रंग फिका पडला होता. एका बाजूचा बंद लावायचाच राहिला होता.

"पिशवीत सगळं घातलं," ताई म्हणाली, "हे नाही घालवलं मला. ह्यांना कळलं तर ह्यांना त्रास होईल म्हणून लपवून ठेवलं." मग तिने माझ्याकडे बघितलं. "म्हणजे ह्यांनी पिशवीत शोधलं असणार गं. जिन्यात उभं राहून शोधलं असणार."

मी तिच्याजवळ बसले. तिने मला हात लावू दिला नाही. टोपडं हातात घेऊन ती उठली, स्वयंपाकघरात आली. लंबू आणि टपाल उभे राहिले. ती त्यांच्या मधून पुढे गेली आणि फ्रीजशेजारच्या त्या स्टुलासमोर उभी राहिली. टोपडं तिने दोन्ही हातांनी पुढे धरलं होतं.

"अहो," ती म्हणाली, "इथेच ठेवलं होतं. हे बघा ना."